तरुणपणीचा कॅन्सर: अमेरिकेतली खेडी, शहरं आणि काउंट्यांचे रंग

मोजूनमापून

इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर सध्या अमेरिकेचा एक काउंटीवार (काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा भाग) नकाशा फिरतोय. पन्नाशीच्या आतल्यांचा कॅन्सर, गडद लाल काउंट्या बहुतेक खेड्यांकडच्या. त्याखाली अपेक्षेप्रमाणे तीन तट पडलेत: तणनाशकवाले, 'हे लोक खातात तरी काय'वाले आणि 'बरं बाई, आपण न्यू जर्सीत'वाले. माझं पोट याच आकड्यांवर चालतं, तेव्हा ग्रुपवर भांडण्याऐवजी इथे लिहिते.

आधी सगळ्या वयांचं चित्र, कारण ते पक्कं आहे. २००९ ते २०१३ चे आकडे सीडीसीने (अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था) २०१७ मध्ये मांडले. नव्या रुग्णांचा दर शहरी भागात लाखामागे ४५७, ग्रामीण भागात ४४२. मृत्यूंचं (२०११ ते २०१५) मात्र उलटं: ग्रामीण १८०, शहरी १५८. रुग्ण कमी, मृत्यू जास्त. मृत्युदर दोन्हीकडे उतरतोय, पण खेड्यांत सावकाश.

तरुणांकडे वळलं की पायाखालची जमीन भुसभुशीत होते. १५ ते ३९ या वयात देशभर वर्षाला ८९ हजारांच्या आसपास नवे रुग्ण, म्हणजे एकूण कॅन्सरच्या जेमतेम पाच टक्के. दर लाखामागे ७५-८०. आता आयोवातली पालो आल्टो काउंटी घ्या (हो, नाव कॅलिफोर्नियातल्या शहराचंच, पण इथे स्टॅनफर्ड विद्यापीठ नाही, मका आणि सोयाबीन आहे). वस्ती नऊ हजारांच्या घरात. त्यात १५ ते ३९ चे फार तर अडीच हजार. म्हणजे वर्षाला दोन रुग्ण, पाच वर्षांत दहा. एखाद्या पाच वर्षांत तेरा निघाले की दर ३० टक्क्यांनी 'वाढला', सात निघाले की तेवढाच 'घटला'. प्रत्यक्षात काहीच घडलेलं नसतं. म्हणून सरकारी संकेतस्थळावर १६ पेक्षा कमी रुग्ण असतील तिथे आकडाच देत नाहीत, काउंटी करडी ठेवतात. १६ च का? कारण १६ रुग्णांवरून काढलेल्या दराची प्रमाण त्रुटी (निव्वळ योगायोगाने होणारा चढउतार) त्या दराच्या पाव हिश्शाएवढी असते. त्याखाली उतरलं की आपण दर नाही, नशीब मोजत असतो. शिवाय छोट्या गावात तीनच रुग्ण असले तर ते कोण हे सगळ्या गावाला कळतं.

किडनीच्या कॅन्सरचं उदाहरण आमच्या धंद्यात प्रसिद्ध आहे. सर्वांत कमी दराच्या काउंट्या काढल्या तर त्या ग्रामीण आणि विरळ वस्तीच्या निघाल्या. स्वच्छ हवा, ताजं अन्न अशी कारणं लगेच सुचतात. मग सर्वांत जास्त दराच्या काढल्या. त्याही ग्रामीण आणि विरळ वस्तीच्याच. वस्ती थोडी, म्हणून दर दोन्ही टोकांना हेलकावतो.

यावर उपाय म्हणून एकेक काउंटी न बघता त्यांचे गठ्ठे करतात. अमेरिकेच्या कृषी खात्याची १ ते ९ अशी संकेतांकांची पद्धत आहे. १ ते ३ मेट्रो, ४ ते ९ बिगरमेट्रो. पण गठ्ठ्यांतही गमती आहेत. कॅलिफोर्नियातली सॅन बर्नार्डिनो काउंटी क्रमांक १, म्हणजे अगदी 'शहरी'. ती आपल्या अख्ख्या कोकण विभागापेक्षा मोठी आहे आणि तिचा बराचसा भाग मोहावे वाळवंट आहे. उलट आपली पोरं एमएस करायला जातात ती स्टिलवॉटर किंवा रोला ही गावं बिगरमेट्रो काउंट्यांत मोडतात. तिथला २४ वर्षांचा 'ग्रामीण तरुण' कदाचित कोथरूडचा असेल.

आणि माझा खरा मुद्दा इथेच आहे. रजिस्ट्रीत (कॅन्सर रुग्णांच्या नोंदवहीत) काउंटी लिहितात ती निदानाच्या वेळच्या पत्त्याची. साठ वर्षांच्या शेतकऱ्याच्या बाबतीत ते ठीक आहे, तो तिथेच जन्मला, तिथेच राबला. पण १८ ते ४० हे वयच घर बदलण्याचं. कॉलेज, नोकरी, लग्न, दुसरी नोकरी. कॅन्सरला कारण झालेली गोष्ट आणि निदान यांत दहा-वीस वर्षं सहज जातात. तेव्हा तरुणांच्या बाबतीत काउंटीचा रंग सांगतो तो रोग कुठे सापडला ते. कुठे लागला ते नाही.

शंकेखोर

चांगलं लिहिलंय, पण शेवटी 'आकडे लहान आहेत, काही सांगता येत नाही' असंच ना? तणनाशक विकणाऱ्या मोन्सँटोवाल्यांना हेच हवं असतं. आयोवात कॅन्सर वाढतोय हे तिथलीच रजिस्ट्री सांगते. का तर म्हणे गठ्ठे करा.

मोजूनमापून

शंकेखोर, आयोवाबद्दल तुमचं बरोबर आहे. एकूण कॅन्सरच्या दरात केंटकी पहिलं आणि आयोवा त्याच्या मागोमाग. फक्त संशयित एकच नाही. आयोवाच्या ९९ च्या ९९ काउंट्या रेडॉन या जमिनीतून येणाऱ्या किरणोत्सारी वायूच्या सर्वाधिक धोक्याच्या पट्ट्यात आहेत. विहिरींच्या पाण्यात नायट्रेट आहे. आणि तिथल्या रजिस्ट्रीने २०२४ च्या अहवालात बोट ठेवलं ते दारूवर, एका बैठकीत ढोसायचं प्रमाण तिथे फार आहे.

कीटकनाशकांवर १९९३ पासून आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायनात मोठा अभ्यास चालू आहे. फवारणी करणारे आणि त्यांचे जोडीदार मिळून सुमारे ८९ हजार माणसं. त्यांच्यात एकूण कॅन्सर सर्वसाधारण लोकांपेक्षा कमी निघाला, कारण ते सिगरेट कमी ओढतात. पण प्रोस्टेटचा आणि रक्ताचे काही कॅन्सर जास्त. म्हणजे क्लीन चिट नाही, सरसकट आरोपही नाही. आणि यातलं बरंचसं पन्नाशीनंतरचं आहे. तरुणांच्या नकाशाला ते लावणं म्हणजे सासूचा राग सुनेवर.

भाजक

लोक अंशाबद्दलच बोलतात, भाजकाकडे कुणी बघत नाही. तेलाची तेजी आली तेव्हा नॉर्थ डकोटातल्या मॅकेन्झी काउंटीची वस्ती २०१० ला ६,३६० होती ती २०२० ला १४,७०४ झाली. आले त्यांत तरुण पुरुष बरेच. दोन जनगणनांच्या मधल्या वर्षांत लोकसंख्या अंदाजानेच धरतात. अंदाज मागे पडला तर रुग्ण नवे आणि भाजक जुना. दर आपोआप फुगतो.

उलट जिथून तरुण निघून जातात तिथे मागे कोण राहतं? ज्याला जाणं परवडत नाही किंवा तब्येत धड नाही म्हणून जाता येत नाही तो. मग 'खेड्यातले तरुण जास्त आजारी' यात खेड्याचा वाटा किती आणि गाळणीचा किती?

केंटकीकर

मी डॉक्टर आहे. जे-१ व्हिसाच्या वेव्हरवर (मायदेशी परतण्याच्या अटीतून सूट) पूर्व केंटकीत आलो. तीन वर्षं डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात काढायची असा नियम. तीन वर्षं कधीच सरली, मी अजून इथेच आहे. खेडोपाडी असे आपले बरेच लोक आहेत, मंडळाच्या गणपतीला दिसत नाहीत एवढंच.

आकडेशास्त्र मान्य. पण अ‍ॅपलाचियाचा हा डोंगराळ पट्टा, मिसिसिपीच्या खालच्या अंगाचा डेल्टा आणि व्हर्जिनिया-नॉर्थ कॅरोलायनाचा पूर्व भाग, आतड्याच्या कॅन्सरच्या मृत्यूंचे हे तीन ढिगारे गठ्ठे करूनही नाहीसे होत नाहीत. हा नशिबाचा खेळ नाही.

माझ्याकडे येणारा नमुना सांगतो (एक माणूस नाही, अनेकांचं मिळून). वय चाळीस-एकेचाळीस. खाणीत किंवा ट्रकवर. दम लागतो म्हणून बायकोने ढकलत आणलेला. हिमोग्लोबिन आठ, लोह तळाला. बाईमाणसाचं लोह कमी निघालं तर पाळीवर ढकलता येतं, तेही बऱ्याचदा चुकीचंच असतं. पण चाळिशीच्या पुरुषाचं लोह उगाच कमी होत नाही, कुठेतरी रक्त जातंय. मी कोलोनोस्कोपी (कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं बघणं) सांगतो. ती होते दोन तास लांबच्या गावी. आदल्या दिवशी फक्त पातळ पदार्थ आणि संध्याकाळपासून ते चार लिटरचं औषध, म्हणजे आदल्या दिवसाचा रोज बुडाला. दुसऱ्या दिवशी भूल देतात, म्हणून सोबत गाडी चालवणारा माणूस असल्याशिवाय घरी सोडत नाहीत. टॅक्सी चालत नाही. म्हणजे दुसऱ्या कुणाचाही रोज बुडाला. हा माणूस 'पुढच्या महिन्यात बघतो डॉक' म्हणतो आणि पुढच्या वर्षी येतो.

याची नोंद न्यू जर्सीतल्या त्याच वयाच्या माणसासारखीच होते: आतड्याचा कॅन्सर, वय ४१, एक. फरक दिसतो तो स्टेजच्या (रोग किती पसरलाय त्याच्या) रकान्यात. तेव्हा तुमच्या ग्रुपला सांगा, नव्या रुग्णांचा दर बघून भांडू नका. निदानाच्या वेळी किती टक्के चौथ्या स्टेजला होते ते बघा आणि मृत्यू बघा.

मोजूनमापून

डॉक्टर, अगदी हेच. आणि म्हणूनच 'सगळे कॅन्सर मिळून' असा आकडा तरुणांसाठी काढूच नये असं माझं मत आहे. त्या बेरजेत एकमेकांविरुद्ध जाणाऱ्या गोष्टी असतात.

थायरॉईड घ्या. तरुण बायकांत हा खूप. जिथे विमा, सोनोग्राफी आणि स्पेशालिस्ट जास्त तिथे गाठी जास्त सापडतात, म्हणजे शहरांत. १९७५ पासून चाळीस वर्षांत अमेरिकेत याचे रुग्ण तिप्पट झाले, मृत्युदर मात्र लाखामागे अर्धा (म्हणजे दोन लाखांमागे एक मृत्यू) याच्या आसपास होता तिथेच राहिला. पुढे बारीक गाठी सुई टोचून तपासायचे नियम कडक झाले आणि दरही खाली आला. म्हणजे शहरातला 'जास्त कॅन्सर' हा बराचसा जास्त तपासण्यांचा हिशोब.

गर्भाशयमुखाचं उलटं. तो खेड्यांत जास्त. तो घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूवरची लस २००६ ला आली, त्या पिढीच्या मुली मोठ्या झाल्या आणि २०१२ ते २०१९ मध्ये २०-२४ वयातला दर ६५ टक्क्यांनी पडला. इतकी घसरण कॅन्सरमध्ये क्वचितच बघायला मिळते. पण ग्रामीण भागात लस घेण्याचं प्रमाण कमी, त्यामुळे ही दरी पुढेही राहील.

आणि आतडं. १९९० च्या सुमारास जन्मलेल्यांना १९५० च्या सुमारास जन्मलेल्यांच्या मानाने मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका दुप्पट आणि गुदाशयाच्या कॅन्सरचा चौपट, हे २०१७ मध्येच समोर आलं. दर केंटकीसारख्या दक्षिणेकडच्या राज्यांत वर, पण वाढीचा वेग वॉशिंग्टन, कोलोरॅडो अशा पश्चिमेकडच्या 'तब्येतीला जपणाऱ्या' राज्यांत जास्त. हे फक्त खेड्याचं किंवा फक्त गरिबीचं दुखणं असतं तर असं दिसलं नसतं.

आता शहरातला थायरॉईड आणि खेड्यातलं आतडं व गर्भाशयमुख यांची बेरीज करा. दोन्हीकडे आकडा जवळपास सारखा येईल आणि कुणीतरी मथळा देईल 'फरक नाही'.

सूक्ष्मजीवी

'कुठे लागला ते नाही' या वाक्याला दुजोरा. एप्रिल २०२५ मध्ये नेचरमध्ये एक शोधनिबंध आला, ११ देशांतल्या ९८१ रुग्णांच्या आतड्याच्या गाठींचे जीनोम (संपूर्ण डीएनए) वाचून. काही ई. कोलाय जिवाणू कोलिबॅक्टिन नावाचं विष सोडतात, डीएनएवर त्याचे ठरावीक ओरखडे राहतात. चाळिशीच्या आत निदान झालेल्यांत हे ओरखडे सत्तरीपुढच्यांपेक्षा ३.३ पट जास्त सापडले. ते उठलेत आयुष्याच्या पहिल्या दहा वर्षांत असा त्यांचा अंदाज. कोलिबॅक्टिननेच कॅन्सर झाला हे अजून सिद्ध नाही. पण धागा बालपणापर्यंत जात असेल तर ३८ व्या वर्षी तो माणूस कुठल्या काउंटीचं वीजबिल भरत होता याला कितीसा अर्थ?

शंकेखोर

मग रजिस्ट्रीत जन्मगाव का नाही लिहीत? एक रकाना वाढवायला काय जातंय?

मोजूनमापून

जन्मस्थळाचा रकाना आहे. भरतं कोण? नोंदी करणारी व्यक्ती रुग्णाला भेटत नाही, ती केसपेपर वाचते. आणि केसपेपरवर असतो विम्यासाठी घेतलेला आजचा पत्ता. जन्मस्थळ बरेचदा 'अज्ञात'. आपल्या लोकांचं तर वंशसुद्धा कधीकधी नावावरून ओळखतात, त्यासाठी नावांची यादी जुळवणारी पद्धत आहे. जोशी-पाटील सापडतात. गोव्याचे डिसोझा आणि वसईचे लोपीस बहुधा दुसऱ्याच रकान्यात जात असतील.

मेधा_नेपरव्हिल

एरवी वाचनमात्र असते. आज लिहिते.

नवऱ्याला ४३ व्या वर्षी गुदाशयाचा कॅन्सर निघाला. त्याआधी आम्ही बरीच वर्षं नेब्रास्कात एका छोट्या गावात होतो, तो तिथल्या कारखान्यात इंजिनिअर. रक्त पडतंय म्हणून गावातल्या दवाखान्यात दाखवलं. मूळव्याध म्हणाले, मलम दिलं. पुन्हा गेलो, पुन्हा मलम, आणि फायबर खा. बोट घालूनही कुणी तपासलं नाही. आम्हीही रेटा लावला नाही, भारतीय जेवण, तिखट, असेल मूळव्याध. पुढे नोकरी बदलून शिकागोजवळ आलो आणि नव्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत कोलोनोस्कोपी लिहून दिली. तिसरी स्टेज. रेडिएशन, किमो, ऑपरेशन, वर्षभर पोटावर शौचाची पिशवी. आता बरा आहे, शनिवारी क्रिकेट खेळतो.

हा धागा वाचताना लक्षात आलं, त्याची नोंद ड्युपेज काउंटीच्या खात्यात गेली असणार. बालपण साताऱ्यात, रक्त पडायला लागलं नेब्रास्कात, आणि आकडा शिकागोच्या उपनगराचा.

केंटकीकर

मेधाताई, वाचून वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. मलमाची गोष्ट मी फार ऐकतो, आणि ती फक्त खेड्यातली नाही. पोटात दुखणं, रक्त पडणं, लोह कमी होणं, जुलाब, पन्नाशीच्या आतल्या रुग्णांत यातलं काहीतरी बऱ्याचदा महिनोन् महिने आधीपासून असतं. 'ब्लॅक पँथर'मधला नट चॅडविक बोसमन २०२० मध्ये ४३ व्या वर्षी आतड्याच्या कॅन्सरने गेला तेव्हा माझ्याकडे काही महिने तरुण पुरुष आपणहून विचारायला येत होते. लक्षणं नसतानाही तपासणी सुरू करायचं वय २०२१ मध्ये ५० वरून ४५ झालं, तेव्हापासून विमा कंपन्याही कुरकुर करत नाहीत.

बार्शीचा_भाचा

अमेरिकेच्या धाग्यावर थोडं गावचं लिहितो, संबंध आहे म्हणून. भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर रजिस्ट्री १९८७ मध्ये आमच्या बार्शीला सुरू झाली. मुंबईची १९६३ ची. बार्शी, परांडा, भूम भागातल्या गावांत रजिस्ट्रीची माणसं स्वतः फिरायची, कारण दवाखान्यात बसून वाट बघितली तर खेड्यातला रुग्ण यायचाच नाही. मामा सांगायचा, ती माणसं गावात आली की सरपंच, शिक्षक, दाई, सगळ्यांना विचारायची, कुणाला गाठ आहे का, कुणाच्या अंगावरून जातंय का.

बार्शीचा दर मुंबईपेक्षा बराच कमी दिसतो, आणि त्यावर 'खेड्यातलं शुद्ध जीवन' छापाचे फॉरवर्ड येतात. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपाशी हे शुद्ध जीवन संपतं. शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात (आता धाराशिव) ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर मोठी चाचणी झाली, २००९ मध्ये निकाल छापून आले. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. जगभरच्या मार्गदर्शक सूचनांत त्याचा आधार घेतात. केंटकीच्या डॉक्टरांनाही तो माहीत असेल.

आणि मोजूनमापून यांचा मुद्दा आमच्याकडेही लागू. बार्शीचा पोरगा हिंजवडीला गेला की तो पुण्याच्या खात्यात.

केंटकीकर

माहीत आहे तर! इथल्या रेसिडेंट्सना मी उस्मानाबाद म्हणायला शिकवतो.

गाडी चालवणारा माणूस नाही म्हणून अडणाऱ्यांसाठी आम्ही आता शौचाच्या तपासणीचं किट पोस्टाने पाठवतो. घरी नमुना घ्यायचा, पाकिटात घालून परत टाकायचा. दोष निघाला तर मात्र कोलोनोस्कोपीला पर्याय नाही, पण तेव्हा माणूस घाबरलेला असतो, भाऊ-मेहुणा कुणीतरी गाडी काढतो. २०१४ ला केंटकीत मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी विमा) वाढवलं त्यानंतर तपासण्या वाढलेल्या मी स्वतः बघितल्या. हे किट फक्त लक्षणं नसलेल्यांसाठी, हे ठळक अक्षरांत वाचा. रक्त पडत असेल तर किट नाही, थेट डॉक्टर.

मेधा_नेपरव्हिल

डॉक्टर, एक विचारायचं होतं. मुलगा १४ वर्षांचा आहे. त्याचं कधीपासून करायचं? आणि दीर साताऱ्यात आहेत, वय ३९, त्यांनी काहीच केलेलं नाही.

केंटकीकर

आईवडील किंवा सख्ख्या भावंडाला झाला असेल तर ४० व्या वर्षी, किंवा त्यांच्या निदानाच्या वयातून १० वजा करून, यातलं जे आधी येईल तेव्हा. ४३ वजा १० म्हणजे मुलाचं ३३ ला. दिरांचं वय उलटून गेलंय, त्यांची कोलोनोस्कोपी आत्ताच व्हायला हवी, लक्षण असो नसो.

एक मात्र आधी बघा. मिस्टरांच्या पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये एमएमआर किंवा एमएसआय (गाठीतली डीएनए-दुरुस्ती नीट आहे का याची तपासणी) अशी ओळ असेल. त्यात दोष असेल तर लिंच सिंड्रोमची (घराण्यातून येणारा कॅन्सरचा धोका) जनुकीय तपासणी करावी लागते. तो निघाला तर ही सगळी वयं बदलतात, आणि मुलातही तो असेल तर त्याचं बहुतेक विशीतच सुरू होतं. रिपोर्ट नसेल तर हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागाकडे मागा, पेशंटच्या सहीने देतात. एक प्रत साताऱ्याला पाठवा, दिरांच्या डॉक्टरांना लागेल.